नूरची नऊ वर्षं

२ डिसेंबर

नाही, डोकं राहणार म्हणजे राहणार. आणि ही वही वाचणारा तू जो कोण आहेस, तू तर मध्ये बोलूच नकोस. दुसऱ्याची वही उघडून वाचायची आणि वर सयाजीची बाजू घ्यायची, हे बरंय की! डोकं काढलं तर नाटकात उरतं काय? एक माणूस भिंत बांधतो. बास. ते बघायला लोक हुतात्मा स्मृती मंदिराच्या नाट्यगृहात येणार? गवंडीकाम बघायला?

सयाजी आमचा दिग्दर्शक. मूळचा नातेपुत्याचा, दिवसा कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना शिकवतो, संध्याकाळी आम्हाला. आज तालमीत म्हणाला, "दाक्षा, सीन भारी हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. पण ते डोकं अतीकच्या हातात नगं. रगत लागलेलं कापड दाखवू की."

मी म्हटलं, राजाचं मुंडकं आणलं आणि प्रेक्षकांना रुमाल दाखवायचा?

"तुला कळंना झालंय."

"मला सगळं कळतं. इतिहास आहे तो, माझ्या मनाचं काही नाही."

खरंच नाही. आपल्याकडच्या हबशी सरदारांवर काहीतरी लिहावं म्हणून लायब्ररीत बसले होते, तर एका जाड इंग्रजी पुस्तकात हा सापडला. नूर इब्न मुजाहिद. हरार नावाच्या गावाचा अमीर. इथिओपियाच्या पूर्वेला, सोळाव्या शतकात. त्याचा मामा लढाईत मारला गेला. मामाची विधवा दिलवंबरा म्हणाली म्हणे, जो सूड घेईल त्याच्याशी लग्न करीन. नूरनं सैन्य उभं केलं, ख्रिस्ती बादशहाला लढाईत मारलं आणि त्याचं डोकं हरारला आणलं. नंतर दुष्काळ पडला, साथ आली, बाहेरून हल्ले सुरू झाले. त्यानं गावाभोवती भिंत बांधली. शेवटी तोही साथीतच गेला. चाळीस मिनिटांची एकांकिका याच्यापेक्षा वेगळी काय असते? दिलवंबरेचं काम रुद्राणी करतेय. नूरचं अतीक.

अतीक म्हणजे आमच्या खालच्या गाळ्यातल्या गैबीसाबचाचांचा मुलगा. 'न्यू नदाफ गादी कारखाना'. बावीस वर्षं आमच्या घराखाली भाड्यानं आहेत, पुढं दुकान, मागं घर. कापूस पिंजायच्या त्यांच्या मशीनच्या आवाजात मी दहावी, बारावी, एमए सगळं केलं. अतीकचा आवाज असाय की त्यानं 'सुतळी दे' म्हटलं तरी अंगावर काटा येतो. मी खाली जाऊन सांगितलं, नूर तू करणारेस, तेव्हा तो गादीला टाके घालत होता. सुई थांबवून त्यानं अब्बांकडे बघितलं. चाचा माझ्याकडे बघून हसले. "करेगा की. दाक्षाबेटी बोली तो करेगा."

एका मिनिटात हो! लोकांना नट शोधायला महिने लागतात. माझ्यापेक्षा वर्षानं मोठा आहे, तरी मला ताई म्हणतो. दहादा सांगितलं की नुसतं दाक्षा म्हण. 'हो ताई' म्हणतो.

५ डिसेंबर

अतीकनं डोकं बनवलं. नुसत्या कापसाचं केलं होतं तर हातात धरल्यावर उशी वाटत होती. मी हसले. तो म्हणाला, "वजन नाही त्याला. सरकी भरतो खालून." बसल्या जागी उसवलं, चार मुठी सरकी आत घातली आणि परत शिवलं. आता हातात घेतलं की मनगट खाली जातं. ग्रेट आहे पोरगा.

चेहरा रंगवायला मी रंग घेऊन गेले होते. नको म्हणाला.

"का?"

"काढला तर कुणाचातरी होईल ताई."

मला हे वाक्य इतकं आवडलं की तिथंच फोनमध्ये लिहून घेतलं. कुठंतरी वापरेन.

मग टाके घालता घालता विचारतो, "हा माणूस डोकं आणल्यावर किती वर्षं जगला?" मी म्हटलं, नऊ. "मग त्या नऊ वर्षांचं काय?" मी म्हटलं, भिंत आहे की शेवटी, सात मिनिटं आहे. म्हणाला, "सात मिनिटांत नऊ वर्षं. आणि डोक्याला अकरा." मी त्याला समजावलं की नाटक म्हणजे घड्याळ नसतं, जिथं ताण असतो तिथं वेळ जातो. तो ऐकत होता. "दुष्काळात रोज उठून विटा लावायच्या, त्यात पण ताण असेल की," म्हणाला. मग अब्बांनी हाक मारली.

त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, डोक्याचा प्रसंग थोडा लहान केला तर चालेल का. मी सांगितलं की संहिता तपासून प्रमाणपत्र आलंय, आता शब्द इकडचा तिकडं झाला तर स्पर्धेतून बाद. "बरं ताई," म्हणाला.

(मी स्वतः दिलवंबरेची आठ वाक्यं बदललीत. पण ती सुधारणा आहे.)

९ डिसेंबर

आज झालं! आज पहिल्यांदा झालं!

अतीक मागच्या दारानं आला, डोकं वर धरलं आणि म्हणाला, "दरवाजे उघडा! बघा मी काय आणलंय!" रुद्राणी खरंच दोन पावलं मागं सरली. मी मोबाईलवर शूट करत होते. त्याच्या पुढचं वाक्य गर्दीतल्या म्हातारीचं आहे. ती डोक्याकडे बघून विचारते, "ह्याला आई होती का रे?" आणि नूरचा हात खाली येतो. तिथून सगळं नाटक उलटं फिरतं.

तीस सेकंदांचा तुकडा कापून स्टेटसला टाकला. म्हातारी यायच्या आधी कट मारला, नाहीतर सस्पेन्स जातो. कोपऱ्यात पिवळं 'लवकरच' चिकटवलं. दुपारपर्यंत एकशे चाळीस जणांनी बघितलं. पुण्याच्या एका मैत्रिणीनं तर लिहिलं, हा नट कुठून आणलास? मी लिहिलं, आमच्या घराखालून.

१४ डिसेंबर

सकाळी अप्पांनी खालूनच हाक मारली. "दाक्षी! काय करलालीस गं वर? खाली ये आधी."

अप्पा, म्हणजे माझे वडील, सुताचे एजंट होते, आता निवृत्त. पण कॉलनीच्या ग्रुपचे ॲडमिन आहेत, ते काम सुताच्यापेक्षा जास्त करतात. 'सुखनिवास कॉलनी परिवार'. त्यात आमचा व्हिडिओ आला होता. अतीक, हातात डोकं, दरवाजे उघडा, बघा मी काय आणलंय. खाली लिहिलेलं: 'बघा, आपल्याच कॉलनीत राजाचं मुंडकं नाचवतात. आज नाटक, उद्या काय? जागे व्हा.' समोरच्या बंगल्यातल्या बिरप्पाकाकांनी टाकलं होतं. फॉरवर्ड होतं, त्यांनी लिहिलेलं नसावं.

"हे तुमचं नाटक?"

"हो. पण हे अर्धं आहे अप्पा. याच्या पुढं..."

"पुढचं कोण बघतंय? हे कुणी बाहेर सोडलं?"

तेच मी दिवसभर विचार करतेय. तालमीचा व्हिडिओ फक्त आमच्या सहा जणांकडे आहे. सयाजीला पहिल्यापासून हा सीन नको होता. रुद्राणीला स्वतःचा चेहरा सगळीकडे दिसायला हवा असतो. दोघांपैकी एक. अशा लोकांबरोबर नाटक करायचं म्हणजे पाठीला डोळे हवेत.

अव्वा, माझी आई, म्हणाली, होगली बिडु, म्हणजे जाऊ दे, चार दिवसांत विसरतील. तिला कॉलनीतले लोक माहीत नाहीत.

१५ डिसेंबर

अतीक तालमीला आला नाही. मशीनही बंद होती. खाली गेले तर चाचा म्हणाले, "तबियत ठीक नहीं उसकी." आतल्या बाजूला तो पाठमोरा बसून उशा रचत होता. मला बघून उभा राहिला. नेहमीच उभा राहतो.

सयाजीला तोंडावर विचारलं, तू सोडलास ना व्हिडिओ? तो बाईकवरून खाली उतरला, मला वाटलं आता कबूल करतोय. मग म्हणाला, "दाक्षा, तू यडी हायस का गं?" आणि बाईकला किक मारून गेला. उत्तर नाही दिलं. नोंद करून ठेवते.

१६ डिसेंबर

चाचांच्या पायरीवर कुणीतरी शाईची बाटली फोडली. त्यांनी पहाटेच धुतली म्हणे. मी उठले तेव्हा फक्त निळसर डाग होता.

१८ डिसेंबर

अतीकची बहीण झीनत बीएस्सीला आहे. आज बसस्टॉपवर माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि काही न बोलता फोन पुढं केला. ग्रुपवरचा तोच व्हिडिओ.

"बघितलाय मी," म्हटलं.

"कोपऱ्यात बघा ताई."

कोपऱ्यात पिवळं काहीतरी. अर्धं कापलेलं. 'वकरच'.

मी तिथल्या बाकड्यावर बसले.

"अतीकला सांगितलंस?"

"त्यानंच दाखवलं मला. पहिल्या दिवशीच दिसलं होतं त्याला."

"मग बोलला का नाही?"

तिची बस आली, ती चढली.

खरंच, बोलायला काय झालं होतं? चार दिवस मी सयाजीला चोर म्हणतेय आणि हा खाली बसून उशा रचतोय! एक जिना चढून यायचं आणि सांगायचं, ताई, हे तुमच्या स्टेटसवरून गेलंय. मी काय खाणार होते त्याला?

१९ डिसेंबर

काही नाही.

२० डिसेंबर

आज सांगणार होते. अप्पा पेपर वाचत होते. बिरप्पाकाका आले आणि दोघं संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला पार्किंग कुठं करायचं यावर बोलत बसले. मध्येच विषय काढणं बरं दिसलं नसतं.

नीट विचार केला तर आत्ता सांगून फायदा कुणाला? मी टाकला म्हटलं की अप्पांचं ॲडमिनपण जाईल, लोक म्हणतील यांच्याच घरातून निघालं. नाटक बंद पडेल. अतीकचंही काम जाईल. म्हणजे त्याचंच नुकसान. अकरा जानेवारीला स्पर्धा आहे. नाटक पूर्ण बघितलं की लोकांना आपोआप कळेल. कला स्वतःच उत्तर देते.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मला जरा लाज वाटली. पण खोडत नाही. इथं तरी खोडायचं नाही असं ठरवलंय.

२२ डिसेंबर

ग्रुपवर ११ जानेवारीच्या मीटिंगची सूचना आली. अप्पांनीच टाकली. 'विषय क्र. १: गादी कारखान्याच्या कापसाच्या धुळीचा त्रास. विषय क्र. २: गड्डा यात्रेतील पार्किंग.'

मी अप्पांना विचारलं, धूळ? आत्ताच कुठून आली धूळ?

"व्हिडिओचं लिहू का मग? लिहिलं की भांडण होतं. धूळ लिहिली की तक्रार होते. तुला नाही कळायचं."

मग ते खाली गेले. मी जिन्यात उभी राहून ऐकलं.

"चाचा, मीटिंग होईपर्यंत शटर खाली ठेवा. तुमच्याच भल्यासाठी सांगतो. बरेच दिवस लोक म्हणतायत, कापूस उडतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो."

"हौ साब. कापूस तो उडतैच साब. उडनाच उसका काम है."

"तसं नाही हो. मी काय जा म्हणालो का?"

"नै साब. आप कैसा बोलेंगे."

लग्नसराई आहे. वरच्या फळीपर्यंत रुखवताच्या गाद्या रचून ठेवल्यात, प्रत्येकीवर नवरीच्या घरच्यांचं नाव खडूनं लिहिलेलं. दुपारी शटर खाली आलं. बावीस वर्षांत मी ते शटर दुपारी खाली बघितलेलं नाही. आवाज नसला की घर कसं तरीच होतं. अव्वा म्हणाली, कान दुखतायत.

मी आत्ता सांगितलं असतं तर? आणखी चार पायऱ्या उतरायच्या होत्या. लिहायला सोपं आहे.

२७ डिसेंबर

अतीकचा मेसेज आला. 'ताई, मला जमणार नाही. माफ करा. डोकं आणि पोशाख सयाजीभाईकडे दिलाय. पोशाखाची डावी बाही आत एक टाका घालून लहान केली होती, दुसऱ्याला घालायचा असेल तर उसवून घ्या.'

मी फोन केला तर बंद.

संध्याकाळी सयाजी म्हणाला, दुसरा नूर मिळालाय. बसवेश. बिरप्पाकाकांचा पुतण्या, कॉलेजात दोनदा बक्षीस घेतलेला. "आता कुनी काय म्हनणार न्हाय. तेच नाटक, तेच डोकं. फकस्त मानूस बदलला."

"आणि तुला चालतं हे?"

"मला?" सयाजी हसला. पण ते हसणं नव्हतं. "मी पयल्या दिवशी काय म्हनलो हुतो? अतीकच्या हातात नगं. तवा तू मला भेकड म्हनलीस. आता पंधरा दिस राह्यलेत. मी पोरांचे तीन महिने घातलेत ह्याच्यात. चालवून घेतो."

मला वाटत होतं तो नाटकाच्या दृष्टीनं म्हणतोय, सीन कमकुवत आहे म्हणून. मी त्याच्यावर एवढं लांब भाषण दिलं होतं, कलेतल्या धाडसावर.

२ जानेवारी

बाहेरच्या लोकांना बोलावून रंगीत तालीम केली. बिरप्पाकाका पहिल्या रांगेत. बसवेशनं तेच डोकं वर धरलं, तेच वाक्य. दरवाजे उघडा! बघा मी काय आणलंय! अतीकपेक्षा जोरात ओरडला.

काकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात आधी. नंतर माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला.

"काय लिवलीस गं पोरी! आन आवाज बघ की पोराचा. असं दाखवाय पायजे. पोरांना इतिहास कळतो."

मी म्हटलं, "काका, हेच ग्रुपवर टाकलं होतं तुम्ही."

"ते येगळं हुतं."

"काय वेगळं होतं?"

ते खरंच विचारात पडले. मी बघत होते, ते शोधत होते. मग म्हणाले, "त्यात ती म्हातारी नव्हती." आणि निघून गेले.

म्हातारी मीच कापली होती.

५ जानेवारी

खालचा गाळा रिकामा झालाय. मी रुद्राणीकडे गेले होते, तेवढ्यात टेम्पो येऊन गेला. अप्पा म्हणाले, "स्वतःहून गेले. किल्ली आणून दिली. मी तर थांबा म्हणत होतो मीटिंगपर्यंत." किल्ली देव्हाऱ्याशेजारी ठेवलीय. अप्पा दर थोड्या वेळानं ती उचलून दुसरीकडे ठेवतात.

८ जानेवारी

स्कूटी घेऊन होटगीला गेले. चाचांचे मेहुणे रेल्वेत आहेत, त्यांच्याकडे राहतायत सगळे. घर सापडलं ते मशीनमुळे. मागच्या पडवीत पिंजायची मशीन ठेवलीय. चारही पाय नव्या सिमेंटमध्ये बसवलेत, सिमेंट अजून ओलसर होतं. पावसापाण्याचं हलू नये म्हणून असेल, तात्पुरतं.

चाचांनी खुर्ची पुसून दिली. झीनत चहा घेऊन आली, कपाखाली बशी, जसं पाहुण्यांना देतात. आमच्या जिन्यात बसून ती माझ्याबरोबर एका कपातून चहा प्यायलीय. मी तसं म्हटलं. "हो ताई," म्हणाली.

चाचा अप्पांची चौकशी करत राहिले. गुडघा कसाय, गोळी वेळेवर घेतात का. मग नमाजाची वेळ झाली म्हणून उठले आणि अतीक आणि मी राहिलो.

मी सांगितलं. व्हिडिओ माझ्याकडून गेला, मला माहीत आहे, तुला माहीत आहे हेही मला माहीत आहे. तो मान हलवत होता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तुला नूर आवडत नव्हता का रे?"

"भिंतीचा सीन आवडायचा. लोक मरतायत आणि हा रोज सकाळी उठून बघतो, काल किती हात झाली. तो मला येत होता."

"मग डोक्याचा सीन नको होता तर पहिल्याच दिवशी नाही म्हणायचं की!"

"कुणाला?"

"मला. मला म्हणायचं."

त्याला माझं बोलणं कळलं नसावं. मी परत सांगितलं, मी काय परकी आहे का, लहानपणापासून एकत्र वाढलो. तो म्हणाला, "हो ताई."

निघताना दारापर्यंत आला. स्कूटी वळवून दिली. मग पहिल्यांदाच त्यानं स्वतःहून काही मागितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"ताई, मीटिंगमध्ये ठराव लिहिणारेत म्हणे. कापसाच्या धुळीच्या तक्रारीमुळं गाळा खाली केला असं. रजिस्टरमध्ये."

"असेल. म्हणजे, हो."

"तेवढं लिहू देऊ नका. दुकान राहू द्या, त्याचं काय नाही. अब्बा बावीस वर्षं सकाळ-संध्याकाळ दुकानापुढं पाणी मारत होते. कापूस उडू नये म्हणून. गुडघ्याला पट्टा बांधून मारायचे. ते धुळीसाठी गेले असं नका लिहू देऊ. काय झालं ते लिहा."

मी म्हटलं, अप्पांशी बोलते.

"अप्पांशी नको. सगळ्यांना दिसेल असं."

परत येताना होटगी रोडवर पेट्रोल संपलं. दोन किलोमीटर ढकलत आणली. बरं वाटलं.

११ जानेवारी, सकाळ

अकराला मीटिंग, आमच्याच हॉलमध्ये. सहाला प्रयोग. बसवेश पोशाख घालून बघायला दुपारी येणारे.

सयाजीचा फोन येऊन गेला. मी काय करणारे ते त्याला काल सांगितलं होतं. "आज नगं दाक्षा. उद्या सांग. चोवीस तासांनी काय बिघडतंय?" मी म्हटलं, उद्यापर्यंत ठराव लिहून होईल. "आन आज सांगितलंस तर बिरप्पा पुतण्याला स्टेजवर चढू दील व्हय? नाटक गेलं म्हनून समज." मी म्हटलं, समजते. मागं पोरांचा आवाज येत होता, कुणीतरी म्हातारीचं वाक्य घोकत होतं. मग म्हणाला, "मर जा," आणि फोन ठेवला. तो मला 'मर जा' फक्त जवळची मानतो तेव्हाच म्हणतो. आज तसं होतं का ते माहीत नाही.

मेसेज आधी इथं लिहून बघते.

पहिला: 'सर्वांना नमस्कार. त्या व्हिडिओबद्दल काही गैरसमज झाले आहेत, पण कलाकृती पूर्ण पाहिल्याशिवाय...' फाडला असता, पण पानाच्या मागच्या बाजूला आधीची नोंद आहे.

दुसरा: 'व्हिडिओ माझ्याकडून चुकून...' चुकून नाही. विचार करून, बरोबर तिथं कापून, स्टिकर लावून टाकला होता.

तिसरा:

'९ डिसेंबरला तो व्हिडिओ मी माझ्या स्टेटसला टाकला. नाटक मी लिहिलंय. डोक्याचा प्रसंग मी लिहिलाय. त्याच्या पुढचं वाक्य मीच कापलं. अतीकला ते काम करायला मी सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. १८ डिसेंबरपासून मला हे माहीत होतं आणि मी गप्प बसले. तोपर्यंत पायरीवर शाई फुटली होती, नंतर शटर खाली आलं. गैबीसाबचाचा कापसाच्या धुळीमुळे गेलेले नाहीत. ठरावात तसं लिहिलं तर ते खोटं असेल. काय झालं ते वर लिहिलंय, रजिस्टरमध्ये तेच उतरवा. दाक्षायणी, घर नंबर सात.'

'विचारलं नव्हतं' हे लिहिताना पेन आपोआप तिकडं गेलं. त्या दिवशी होटगीत मी त्याला म्हणाले होते, मला नाही म्हणायचं की. आणि तो म्हणाला होता, कुणाला. आम्ही वर राहतो. ते खाली राहायचे. देव्हाऱ्याशेजारची किल्ली आमची आहे. हे मी तेवीस वर्षांत एकदाही... जाऊ दे. अकराला दहा मिनिटं आहेत.

खाली हॉलमध्ये खुर्च्या ओढल्याचा आवाज येतोय. बिरप्पाकाका आलेत, त्यांचा खोकला. अप्पा कुणाला तरी विचारतायत, चहा आत्ता का ठरावानंतर.

पाठवलं.

खाली एकेक करून फोन वाजले, चार, पाच, मग एकदम बरेच. कुणीतरी मोठ्यानं वाचायला लागलं आणि 'घर नंबर सात'च्या अलीकडं थांबलं.

आता स्क्रीनवर वर दिसतंय: अप्पा टाईप करत आहेत. अप्पा एका बोटानं टाईप करतात. जिन्यातून ती टकटक इथपर्यंत येतेय. एक जिना आहे आमच्यामध्ये, सोळा पायऱ्या, पण ते टाईप करतायत. थांबले. परत सुरू झाले. लांब आहे काहीतरी.

ते वाचायला लागू नये म्हणून, पूर्ण व्हायच्या आत मी ग्रुप सोडला. स्कूटीची चावी खिशात आहे. मागच्या गॅलरीतून लोखंडी जिना खाली उतरतो, तिकडून जाते.